मेकअप की बिनमेकअप? ठाणे–नवी मुंबईतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून ऐरोली, महापे, वाशीला रोज नोकरीला जाणाऱ्या बायका, कॉलेजातल्या मुली आणि अधूनमधून पुरुषही जे विचारतात, त्याची ही उत्तरं. मनाचा भाग एकीकडे आणि कातडीचा भाग दुसरीकडे अशी वाटणी केलेली नाही. सकाळी आरशासमोर उभं राहिलं की दोन्ही एकदमच समोर येतात.

मी हौस म्हणून मेकअप करते, की त्याशिवाय बाहेर पडायचा धीर होत नाही म्हणून? ओळखायचं कसं?

मेकअप किती आहे यावरून हे कळत नाही. एखादी फक्त काजळ लावते, पण काजळाशिवाय दारही उघडत नाही. दुसरी रविवारी तासभर बसून आयशॅडो ब्लेंड करते आणि सोमवारी नुसतं तोंड धुऊन स्टेशन गाठते. अडचण पहिलीला आहे. खरी परीक्षा मेकअप न करण्याच्या वेळी होते. पार्सलवाला दारात आला आणि चेहऱ्यावर काहीच नाही, तर दार उघडता की आतूनच "बाहेर ठेवा" म्हणता? खालच्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर आणायला जाताना लिपस्टिक लावावीशी वाटते की लावावीच लागते? उशीर झालाय आणि ट्रान्सहार्बरची लोकल चुकणार आहे, तर फाउंडेशन सोडता की लोकल?

तिन्ही ठिकाणी चेहरा झाकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसेल तर सवयीची पकड घट्ट झाली आहे. ती अशीच बसते: चेहरा झाकला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, त्यामुळे पुढच्या वेळी झाकायची ओढ आणखी वाढते, आणि उघड्या चेहऱ्याने गेलं तरी काही बिघडत नाही हे अनुभवायची वेळच येत नाही. आपल्या हुशारीचा किंवा आत्मविश्वासाचा याच्याशी फारसा संबंध नसतो. व्याख्यान देताना न अडखळणाऱ्या बायकाही यात अडकतात.

आणि हौस असेल तर? मग खुशाल करा, हे पान तुमच्यासाठी फक्त सनस्क्रीन आणि मेकअप काढण्यापुरतं.

बिनमेकअप गेले की सगळे विचारतात, "बरं नाहीये का?" खरंच एवढी वाईट दिसते का?

नाही, फक्त कालच्यापेक्षा वेगळ्या दिसता. डोळे, भुवया आणि ओठ भोवतीच्या त्वचेपेक्षा जितके गडद, तितका चेहरा तरतरीत आणि तरुण वाटतो. वय वाढतं तसा हा फरक आपोआप कमी होत जातो. काजळ आणि लिपस्टिक नेमका तोच फरक वाढवतात. रोज काजळ घालणारी एखाद्या दिवशी तशीच आली की समोरच्याला डोळे बारीक आणि चेहरा उतरलेला भासतो. ज्या बाईने कधीच काजळ घातलं नाही तिला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे लक्षात घ्या.

म्हणूनच एका झटक्यात सगळं बंद करू नये. ज्या तसं करतात त्यांना ही वाक्यं सगळ्यात जास्त ऐकावी लागतात आणि तिसऱ्या दिवशी काजळाची पेन्सिल पुन्हा पर्समध्ये जाते. त्यापेक्षा चार-पाच आठवड्यांत उतरत या.

१. आधी फाउंडेशनला हात घाला. पूर्ण चेहऱ्याला न लावता फक्त नाकाच्या कडा, हनुवटी आणि डाग एवढ्यावर, ब्रशऐवजी बोटाच्या टोकाने थापटून. बाकी चेहऱ्यावर त्वचेचा स्वतःचा पोत दिसू द्या.

२. मग फाउंडेशन पूर्ण बंद. त्याऐवजी रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन. कन्सीलर हवाच असेल तर मसुराच्या दाण्याएवढा, फक्त डागावर.

३. गडद लिपस्टिक सोडून ओठांच्या रंगाच्या जवळची, आणि आठवड्याभराने रंगीत लिपबाम. लायनर आणि मस्कारा याच वेळी बाजूला ठेवा.

४. काजळ सगळ्यात शेवटी. आधी जाड रेघेची बारीक करा, मग फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, मग नाही. काजळाविनाचा पहिला दिवस मोठी मीटिंग नसलेला निवडा.

"आजारी आहेस का गं?" याला उत्तर एकच: "नाही, आज काजळ नाही घातलं." कारण सांगू नका. कारण दिलं की त्यावर मतं येतात, मतं आली की डब्याच्या वेळेला तुमच्या चेहऱ्यावर चर्चासत्र भरतं. साधारण दोनेक आठवड्यांत लोकांच्या डोळ्यांना सवय होते आणि प्रश्न थांबतात.

लेडीज डब्यात सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघतायत असं वाटतं.

वाटतं खरं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले आणि ते २००० साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. साधारण निम्म्या जणांच्या लक्षात आलं असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात लक्षात आलं ते जवळपास चौथ्या हिश्श्याच्या. गालावरचा फोड हा टी-शर्टपेक्षा पुष्कळ लहान असतो. शिवाय डब्यातल्या बहुतेक जणी फोनमध्ये किंवा झोपेत असतात.

मेकअप बंद केला की त्वचा "मोकळा श्वास" घेते म्हणतात. किती दिवसांत सुधारते?

त्वचा फुप्फुसासारखा श्वास घेत नाही, त्यामुळे ती गुदमरतही नाही. तिला लागणारा प्राणवायू मुख्यतः रक्तातून येतो. खरा मुद्दा रोमछिद्रांचा. जाड, तेलकट प्रसाधनं महिनोन्महिने वापरली की गालांवर आणि हनुवटीवर बारीक, एकसारख्या, न पिकणाऱ्या पुळ्या येतात. क्लिगमन आणि मिल्स या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७२ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याला अ‍ॅक्ने कॉस्मेटिका म्हणतात. गंमत अशी की या पुळ्या झाकायला बाई आणखी जाड थर देते आणि पुळ्या आणखी वाढतात. तुमचा प्रकार हाच असेल तर ते प्रसाधन थांबवल्यावर फरक पडतो, पण आठवड्यात नाही. वरच्या थराच्या पेशी बदलायला तरुणपणी सुमारे चार आठवडे लागतात, वयाने आणखी. त्यामुळे सहा ते आठ आठवडे धीर धरा.

पहिल्या आठवड्यात चेहरा "आणखी बिघडला" असं जवळपास प्रत्येकीला वाटतं. बहुतेक वेळा त्वचा आहे तशीच असते, इतके दिवस न पाहिलेले डाग आता दिसत असतात एवढंच. मेकअप सोडल्यावर "आतली घाण बाहेर पडते" वगैरे काही नसतं. ठणकणाऱ्या, पू असलेल्या, खड्डे पडणाऱ्या मुरमांना मेकअप सोडणं हा उपाय नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ.

बिनमेकअप म्हणजे काहीच लावायचं नाही का?

सनस्क्रीन लावायचंच. ते मेकअपमध्ये मोडत नाही. आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच्या मापात असतो.

बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून हे माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत काढलेली रेघ. वजनात सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर साधारण ४० दिवसांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्ही एक तृतीयांश लावताय, आणि तेवढ्यात बाटलीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. "माझ्या फाउंडेशनमध्येच एसपीएफ आहे" हेही याच कारणाने फसतं. फाउंडेशन आपण फार तर अर्धा मिली लावतो. सव्वा ग्रॅम फाउंडेशन लावून कुणी ऑफिसला गेलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

एसपीएफ ३० योग्य मापात लावलं तर जळवणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० लावलं तर ९८. म्हणजे आकड्यापेक्षा माप महत्त्वाचं. काळवंडायला कारणीभूत असणारे यूव्हीए किरण काचेतून आत येतात, तेव्हा ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत खिडकीशी बसणारीला "मी तर आतच असते" म्हणता येत नाही. यासाठी पीए+++ (पीए म्हणजे यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) किंवा त्यापुढचं घ्या. गालांवर वांग असेल तर आणखी एक गोष्ट: ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आणि तो उजेड पारदर्शक सनस्क्रीन अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन अडवतं. वांग असलेल्यांना म्हणूनच आम्ही पूर्ण पारदर्शक चेहऱ्याचा आग्रह धरायला सांगत नाही.

उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ऑफिसात असाल तर दुपारी जेवायला बाहेर पडण्याआधी एकदा पुरे. बाकी फेसवॉश आणि, एसीत दिवस जात असेल तर, जेल मॉइश्चरायझर. दहा बाटल्यांचं स्किनकेअर हा मेकअपचाच दुसरा अवतार आहे, फक्त त्याला आरोग्याचं नाव दिलेलं असतं.

स्टेशनपर्यंत पोचेपर्यंतच मेकअप वितळतो. काय चुकतं?

इथली हवा. दमट हवेत घाम सुकत नाही, फाउंडेशनच्या खाली साचतो आणि थर त्वचेपासून सुटतो. वरून रुमालाने पुसलं की पट्टेच निघतात. घामावर पावडर मारली की ती भिजून चकते होतात, आणि मग वर्षभर "मला पावडर सूट होत नाही" अशी समजूत.

क्रम असा ठेवा: मॉइश्चरायझर हलका, पाच मिनिटं थांबा. सनस्क्रीन, दहा मिनिटं थांबा, हे थांबणं टाळलं की फाउंडेशनच्या गुठळ्या वळतात. मग फाउंडेशन वाटाण्याच्या दाण्याएवढं, ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजने दाबून. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. पंखा चालू ठेवून तयार व्हा. उतरल्यावर आधी टिश्यू चेहऱ्यावर ठेवून दाबा, घासू नका, घाम टिपून झाला की मगच पावडर.

जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर हीटमध्ये फाउंडेशन पूर्ण सोडून द्या असंच आमचं मत. त्या दिवसांत काजळ, लिपस्टिक आणि सनस्क्रीन एवढ्यावर चेहरा जास्त चांगला दिसतो. आणि चालत्या लोकलमध्ये डोळ्यांत काजळाची पेन्सिल घालू नका. वळणाऱ्या रुळांवरचा एक हिसका बुबुळाला ओरखडा काढायला पुरेसा असतो.

फाउंडेशन लावलं की चेहरा राखट दिसतो, मान वेगळी आणि तोंड वेगळं.

शेड एकतर फार उजळ आहे, किंवा गुलाबी छटेची आहे. आपल्याकडच्या बहुतेक त्वचांत पिवळी किंवा ऑलिव्ह छटा असते, त्यावर गुलाबी थर राखेसारखा दिसतो. शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेवर तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढा आणि राम मारुती रोडवरच्या दुकानातून थेट रस्त्यावर या, कारण दुकानातल्या पिवळ्या दिव्यांत सगळ्याच शेड चांगल्या दिसतात. पंधरा मिनिटं खरेदी करत हिंडा. काही फाउंडेशनं हवेशी आणि त्वचेच्या तेलाशी संबंध येऊन अर्धी-एक शेड गडद होतात. त्यानंतर जी रेघ दिसेनाशी झाली ती तुमची. विक्रेती एक शेड उजळ घ्या म्हणेल. घेऊ नका.

मेकअप नीट निघालाय हे कसं कळणार?

सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली काळं दिसलं तर निघाला नव्हता. क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम नेहमी कोरड्या हाताने, कोरड्या चेहऱ्यावर. एक मिनिट हलक्या हाताने फिरवा, मग थोडं पाणी घेऊन दुधाळ होईपर्यंत चोळा, धुवा, त्यानंतर फेसवॉश. आधी चेहरा ओला केला तर तेल मेकअपपर्यंत पोचतच नाही, ही सगळ्यात नेहमीची चूक. खोबरेल तेलाने मेकअप सुटतो, पण ते पाण्यात मिसळत नसल्याने चिकट थर मागे राहतो आणि मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर पुळ्या वाढतात. वॉटरप्रूफ मस्काऱ्यासाठी रिमूव्हर लावलेला कापूस मिटल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसता धरून ठेवा, मग खाली ओढा.

घोडबंदर पट्ट्यात अनेक सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी येतं. त्यात साबणाची वडी फेसाळत नाही आणि चेहऱ्यावर तिचा थर राहून त्वचा ओढल्यासारखी होते. बिनसाबणाचा फेसवॉश वापरा आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

ऑफिसमध्ये "जरा प्रेझेंटेबल या" म्हणतात. मेकअप सक्तीचा करता येतो का?

विमान कंपन्या, हॉटेलं, दुकानांचे काउंटर इथे ग्रूमिंगचे नियम नेमणुकीच्या वेळीच लेखी दिलेले असतात. नोकरी घेण्याआधी ते वाचा. तसं काही लेखी नसेल तर "प्रेझेंटेबल म्हणजे नक्की काय, मला मेलवर सांगाल का?" एवढं नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा मेल येत नाही. विंचरलेले केस, इस्त्रीचे कपडे, स्वच्छ नखं आणि भुवया जागच्या जागी, यात प्रेझेंटेबल संपतं.

टिप्पणी चेहऱ्यावरून शरीराकडे आणि लैंगिक सुराकडे वळत असेल तर तो वेगळा विषय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिथे लेखी तक्रार करता येते. तारीख, वेळ आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा.

टिकली, कुंकू, काजळ हा मेकअप धरायचा का? घरी "टिकली तरी लाव" म्हणतात.

मेकअप सोडणं घरात फारसं कुणाला खुपत नाही, रिकामं कपाळ खुपतं. सासूबाईंना लिपस्टिक नसल्याचं काही नसतं, पण टिकली नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलतो, कारण त्यांच्या लेखी ते सौभाग्याचं लक्षण आहे. इथे "मला मेकअप आवडत नाही" हा युक्तिवाद चालणार नाही. "आई, सणावाराला लावीन, रोज नको वाटतं" अशी सरळ तडजोड जास्त टिकते. आणि तडजोड नको असेल तर तेही एकदाच, सगळ्यांसमोर नाही, त्यांना एकटीला सांगा.

याची दुसरी बाजू जास्त कडू आहे. नवरा गेल्यावर जिच्या कपाळाचं कुंकू पुसलं जातं तिला बिनमेकअप राहण्याचा पर्याय कुणी दिलेला नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. टिकली लावायची की नाही हे दोघींनीही स्वतः ठरवावं, सवाष्णीने आणि विधवेनेही.

आता कातडीचं. चिकटवायच्या काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, त्याने रंगपेशी मरून टिकलीच्या जागी पांढरा डाग पडू शकतो. खाज किंवा फिकटपणा दिसला की त्याच दिवशी बंद करा, जागा बदलून लावत बसू नका, तिथेही डाग पडतो. रात्री टिकली आरशावर चिकटवून झोपायची जुनी सवय चांगली आहे, मात्र तीच टिकली दहा दिवस नको. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर भरलं की तिथल्या तैलग्रंथींची तोंडं बुजतात आणि दिवसभर स्क्रीन बघणाऱ्यांचे डोळे आणखी कोरडे होतात. पापण्यांच्या केसांच्या बाहेरून रेघ ओढा. सुरम्यात शिसं असू शकतं, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा काहीही घालू नका.

गोरं करणाऱ्या क्रीमने "नॅचरल" चेहरा मिळाला तर मेकअपची गरजच नाही ना?

ही वाट सगळ्यात धोक्याची. २०२० साली "फेअर अँड लव्हली"चं "ग्लो अँड लव्हली" झालं, पण लग्नघरात भेटणाऱ्या मावशीची "जरा उजळलीस गं" ही शाबासकी काही बदलली नाही. त्या शाबासकीपायी लोक मेडिकलमधून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिश्र क्रीम आणतात. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळ आणि गुळगुळीत होतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढते, उन्हात आग होते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो म्हणून बाई ते पुन्हा लावते. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीमच्या चिठ्ठीविना विक्रीवर नियम आणले. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब सोबत न्या.

लेबल नसलेली, परदेशी म्हणून विकली जाणारी "व्हाइटनिंग" क्रीम त्याहून वाईट. त्यात पारा सापडतो आणि पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत यांतलं एकही नसेल तर फुकट मिळालं तरी नको.

कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला आणि लग्नात काय करावं? मला "मी" वाटायला हवं.

कांदेपोह्याला रोज जशा असता त्याच्या एक पायरी वर, त्यापुढे नाही. आदल्या दिवशी ब्लीच किंवा नवं फेशियल अजिबात नको, लाली आणि पुळ्या नेमक्या दुसऱ्या दिवशी उठतात.

लग्नाच्या मेकअपला "साधा करा" म्हणून काहीही साधत नाही. प्रत्येक आर्टिस्टचा साधा वेगळा. नेमकं सांगा: बेस पातळ, माझा तीळ झाकू नका, खोट्या पापण्या नकोत, भुवया आहेत तशा, लिपस्टिक या शेडची. ट्रायल किमान दोन आठवडे आधी घ्या, चार तास चेहऱ्यावर ठेवा आणि त्या चेहऱ्याने घरात वावरा. स्वतःला ओळखता येत नसेल तर त्याच दिवशी सांगायचं, मांडवात नाही. डोळ्यांचा मेकअप वॉटरप्रूफच हवा, कारण होमाच्या धुराने सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं. नथ आधी घाला, लिपस्टिक नंतर लावा. उलट केलं तर नथीचे मोती वरच्या ओठाचा रंग गालापर्यंत नेतात.

तेरा वर्षांची मुलगी मेकअप मागते. हो म्हणावं का?

सरसकट नाही म्हटलं तर ती मैत्रिणीची लिपस्टिक आणि काजळ वापरेल, आणि डोळ्यांचा संसर्ग तिथूनच येतो. रंगीत लिपबाम, सणाला काजळ, स्वतःचं स्वतःला, झोपण्याआधी काढायचं, एवढ्यावर सुरुवात करा. रील बघून रेटिनॉल आणि अ‍ॅसिडवाली सीरम मागितली तर ठाम नाही. आणि तिच्यासमोर स्वतःच्या चेहऱ्याला नावं ठेवू नका, ती तुमचंच नाक घेऊन जन्मलेली असते.

पुरुषांनी कन्सीलर लावलं तर?

लावावं. दाढी करून झाल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर झोंबतं. बाकी सगळे नियम तेच.

आरशात ठीक दिसते, पण सेल्फीत आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा बघवत नाही.

कॅमेरा जवळ असल्यामुळे. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडलं: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. शिवाय आरशातला चेहरा उलटा असतो आणि आपल्याला त्याचीच सवय. १९७७ मधल्या एका अभ्यासात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या मित्रांना मात्र सरळ फोटो. म्हणजे तुम्हाला जो चेहरा खटकतो तोच तुमच्या माणसांना ओळखीचा आणि आवडता आहे.

लॅपटॉप पुस्तकांवर चढवून डोळ्यांच्या उंचीला आणा, हातभर मागे बसा, खिडकी समोर घ्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावली पडते, तिलाच लोक काळी वर्तुळं समजून कन्सीलर आणतात. आणि कॉलवर स्वतःची खिडकी लपवून ठेवा. दोन तास कुणी स्वतःकडे बघत बसलं तर दोष सापडणारच.

मेकअप करणारी स्त्रीवादी नसते का?

दक्षिण कोरियात २०१८ च्या सुमाराला अनेक तरुणींनी मेकअपचं सामान फोडून, केस कापून त्याचे फोटो टाकले. तिथला दबाव पाहता त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे त्याआधी चार वर्षं वेगळीच लढाई जिंकली गेली: हिंदी चित्रपटसृष्टीत बायकांना हेअरड्रेसर होता यायचं, मेकअप आर्टिस्टचं कार्ड मात्र संघटना पुरुषांनाच द्यायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. म्हणजे एकीकडे मेकअप फेकणं हा हक्क, दुसरीकडे त्यावर पोट भरणं हाही हक्क. डब्यात शेजारी बसलेलीच्या लिपस्टिकवरून तिचे विचार ओळखता येत नाहीत. त्या फंदात पडू नये.

हे सगळं करूनही चेहरा बघवत नाही. कुणाला दाखवू?

एखाद्या लहानशा किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाचा विचार रोज तासभर किंवा त्याहून जास्त वेळ खात असेल, पुन्हापुन्हा आरसा बघणं किंवा आरसा पूर्ण टाळणं चालू असेल, कॉलेज, नोकरी, समारंभ चुकत असतील, तर हा मेकअपचा प्रश्न राहिलेला नाही. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर हा उपचार होण्यासारखा आजार आहे. सीबीटी पद्धतीचं, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारं समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं यांनी फरक पडतो. नाक किंवा त्वचेवरच्या शस्त्रक्रियेने सहसा पडत नाही, चिंता दुसऱ्या अवयवावर सरकते. त्यामुळे आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग कॉस्मेटिक सर्जन. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच फोन करा.

मेकअप कमी केला. उरलेल्या सामानाचं काय?

मागच्या बाजूला उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. मस्कारा तीन ते सहा महिने, त्यानंतर सरळ कचऱ्यात. पावडर आणि आयशॅडो जास्त टिकतात, पण पावसाळ्यात वरचा थर कडक किंवा ठिपकेदार झाला असेल तर ठेवू नका. लिपस्टिकला खवट वास आला की संपली. न उघडलेलं सामान मैत्रिणीला द्या, डोळ्यांना किंवा ओठांना लागलेलं कुणालाही देऊ नका, कामवाल्या ताईंनाही नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन सुक्या कचऱ्यात.